खर्जाला कोणतीही तार चालत नाही

जुना तंबोरा दुरुस्तीला जातो तेव्हा सर्वांत जास्त वेळ भोपळा खातो, सर्वांत जास्त पैसा पॉलिश खाते आणि सर्वांत कमी विचार तारांच्या वाट्याला येतो. भोपळ्याची चीर सांधणे, बसलेली तबली उचलून घेणे, सैल खुंट्या खडू लावून घट्ट करणे, कडेची निखळलेली वेलबुट्टी पुन्हा जडवणे ही कामे आठवडेच्या आठवडे चालतात. तारा मात्र वाद्य गवसणीत घालण्याआधी घाईघाईने चढतात, त्याही दुकानात हाताशी असलेल्या गुंडाळीतून. यात सर्वांत मोठी हेळसांड खर्जाच्या तारेची होते. चौथी, सर्वांत जाड आणि सर्वांत खालच्या स्वराची ही तार तंबोऱ्याचा पाया आहे, आणि नेमक्या तिलाच ‘मिळेल ती’ तार बसते.

या हेळसांडीमागे आळस आहेच, पण एक मतही आहे. ते साधारण असे मांडले जाते: तार ही झिजणारी, तुटणारी, बदलायचीच वस्तू, तिच्यात मूळ काय आणि नवे काय? पितळ काळी पडते, म्हणून खर्जालाही स्टीलच घालावे. आवाज बारीक वाटला तर एक-दोन नंबर जाड तार घालावी, म्हणजे खर्ज भारदस्त होतो. उरलेसुरले घोडीचा माथा घासून झंकार जुळवणारा जवारीवाला पाहून घेतो. शिवाय ऐशी वर्षांच्या तंबोऱ्यावर आजवर शंभर तारा चढल्या-उतरल्या असतील, मग ‘मूळ तारेशी जुळवणे’ हा रिकामटेकड्यांचा उद्योग नाही तर काय? आणि ऐकणाऱ्यांपैकी कुणाला फरक कळतो?

हे मत अडाण्यांचे नाही. गायनवर्ग चालवणारे, भजनी मंडळांचे जाणते, वाद्यांची विक्री करणारे असे शिकलेसवरलेले लोक ते ठणकावून सांगतात. अक्कलकोटला स्वामी समर्थांच्या स्थानामुळे भजन-कीर्तनाचा राबता बारमाही आहे, त्यामुळे वाद्यांची डागडुजीही बारमाही. तिथे ‘तार ती तार’ हा जवळजवळ शास्त्रार्थ झाला आहे. गंमत अशी की मिरजेच्या तंबोऱ्याचा भोपळा याच सोलापूर जिल्ह्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शिवारांतून जातो. भोपळा कोणत्या वेलाचा, किती जाड सालीचा, किती वर्षे वाळलेला यावर याच जिल्ह्यातले लोक तासभर बोलू शकतात. तारेची गोष्ट निघाली की मात्र सगळे एका वाक्यात आटोपते.

आधी चार तारांचा हिशोब. पुरुषी तंबोऱ्यावर पहिली तार मंद्र पंचमाची, मधल्या दोन जोडाच्या म्हणजे षड्जाच्या आणि शेवटची खर्जाची. रूढ पद्धतीत जोड पोलादी, खर्ज पितळी आणि पंचमाला पितळ, ब्राँझ किंवा पोलाद. तार किती ताणावी लागते हे तीनच गोष्टी ठरवतात: लांबी, स्वर आणि दर मीटरचे वजन. हा नियम फ्रेंच विद्वान मर्सेन याने १६३६ मध्ये छापून ठेवला, त्यात नंतर कुणालाही बदल करावा लागला नाही. घोडीपासून अटीपर्यंत मोकळी तार १ मीटरची आणि पट्टी काळी एक धरली तर जोडाचा स्वर १३८.६ हर्ट्‌झ आणि खर्जाचा त्याच्या निम्मा, ६९.३. जोडाला २९ नंबरची (०.३४५ मि.मी.) पोलादी तार घातली तर तिच्यावर पावणेसहा किलोचा ताण येतो. पंचमाला २६ नंबरची (०.४५७ मि.मी.) पितळी तार घातली तर सहा किलोंच्या किंचित वर. खर्जाला २२ नंबरची (०.७११ मि.मी.) पितळी तार घातली तर साडेसहा किलोंच्या आसपास. धातू दोन, जाड्या तीन, स्वर तीन. तरीही चारही तारा जवळजवळ सारख्याच ताणात बसतात आणि घोडीवर मिळून सुमारे चोवीस किलोंची ओढ येते. जुन्या कारागिरांनी सूत्र मांडले नव्हते. हाताला लागणारा ताण आणि कानाला लागणारा झंकार एवढ्यावर ते या जागी पोचले. बाजारातली गुंडाळी हाताशी आहे म्हणून हा तोल मोडणाऱ्याने निदान आपण काय मोडतो आहोत एवढे तरी जाणून घ्यायला नको का?

आता ‘खर्जालाही स्टील’ हा पहिला मुद्दा. स्टील घालायचे तर दोनच वाटा आहेत. जोडाचीच तार खर्जाला चढवायची, ही पहिली आणि सर्रास वापरली जाणारी. स्वर निम्मा झाला की ताण पाव होतो. म्हणजे जिथे सहा किलो हवेत तिथे दीड किलोही उरत नाही. अशी तार छेडली की लोंबत्या दोरीसारखी हेलकावते, घोडीवर नुसती फटफटते आणि छेडल्या क्षणी चढून मग उतरत जाते. तिचा स्वर लावायला बसलेला शागीर्द अर्धा तास खुंटी पिळतो आणि शेवटी मणी सरकवून समाधान मानतो. दोष कानाचा असतो का? तो तारेचा असतो.

दुसरी वाट म्हणजे पितळेइतकीच जाड, २२ नंबरची पोलादी तार. ताण बरोबर येतो, साठ न्यूटन म्हणजे सहा किलोंच्या जवळपास. मग बिघडले कुठे? पोलाद पितळेपेक्षा वाकायला जवळजवळ दुप्पट ताठ आहे. ताठ तार पूर्ण लवचीक तारेसारखी हालत नाही; तिचे वरचे उपस्वर खऱ्या पटीपेक्षा थोडे चढे निघतात, आणि उपस्वर जितका वरचा तितका जास्त चढा. खर्जाचा पाचवा उपस्वर म्हणजे तंबोऱ्यातला स्वयंभू गांधार, ज्याच्यासाठी जाणकार तंबोरा कानाशी धरून बसतो. नुसत्या तारेचा हिशोब केला तर याच मापाच्या पितळी तारेत तो सुमारे ४ सेंट चढतो आणि पोलादी तारेत ८ ते ९ सेंट. सप्तकाचे १२०० भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे सेंट. जवारीची घोडी यातला काही भाग सावरून घेते, पण जिथे सुरुवातच दुप्पट चुकीची आहे तिथे घोडीने किती सावरायचे?

आठ-नऊ सेंट म्हणजे फार नाही, असे लगेच म्हटले जाईल. मग हार्मोनियमचे काय? समान भागांच्या सप्तकातला तिचा गांधार स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा आहे. या आणि अशाच कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमला दाराबाहेर काढले आणि पुढची तीसेक वर्षे बाहेरच ठेवले. अशाच सूक्ष्म स्वरभेदांपायी, म्हणजे श्रुतींपायी, सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तारेच्या लांब्या मोजून १९१० मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक काढले, साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश क्लेमंट्स त्यांच्या जोडीला आले, मिरजेचे अब्दुल करीम खाँ या प्रयोगांसाठी गायले आणि त्यातून श्रुतींची वेगळी हार्मोनियम घडली. आज हार्मोनियमच्या गांधाराला नाक मुरडणारे गृहस्थ त्याच बैठकीत तंबोऱ्याच्या खर्जाला पोलादी तार लावून बसतात. चौदा सेंटांचा विटाळ आणि नऊ सेंटांचा प्रसाद, हा कुठला न्याय?

‘पितळ काळी पडते, हिरवी पडते’ ही तक्रार खरी आहे. पडते. कोरड्या फडक्याने पुसली की बराच काळ पडत नाही. पुसायचे कष्ट वाचावेत म्हणून वाद्याचा पाया बदलायचा ठरला तर युक्तिवादच संपतो.

दुसरा मुद्दा जाडीचा. जाड तार म्हणजे भारदस्त खर्ज, ही समजूत इतकी खोलवर आहे की तिच्याविरुद्ध बोलणारा वेडगळ ठरतो. २२ ऐवजी २० नंबरची (०.९१४ मि.मी.) पितळी तार घातली तर तिचे वजन आणि म्हणून ताण सव्वापटीने नव्हे, दीडपटीहूनही जास्त वाढतो: साडेसहा किलोंच्या जागी जवळजवळ अकरा. नंबरात दोनचा फरक, ओढीत चार किलोंचा. हा जास्तीचा भार कुणी पेलायचा? पन्नास-साठ उन्हाळे पाहिलेल्या तबलीने. सोलापूर जिल्ह्यातला उन्हाळा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी ठणठणीत असते, लाकूड आक्रसते, भोपळ्याचा सांधा आधीच कुरकुरत असतो. अशा वेळी खर्जाच्या बाजूने चार किलोंची कायमची एकांगी ओढ लावायची आणि दोन वर्षांनी लंगोटाजवळ चीर गेली की ‘जुनेच होते हो वाद्य’ म्हणून हात झटकायचे.

पण खरी चूक त्याहून मुळाशी आहे. जाड तार ‘जास्त ताणून बसते’ म्हणून ‘जास्त वाजते’ असे म्हणताना ओढ आणि तारेच्या धातूवरचा भार यांची गल्लत होते. लांबी आणि स्वर कायम ठेवले तर धातूच्या दर चौरस मिलिमीटरवर येणारा भार तारेच्या जाडीवर अजिबात अवलंबून नसतो. जाड तारेत ओढ वाढते तेवढेच क्षेत्रफळही वाढते. बारीक काय, जाड काय, खर्जाच्या स्वरात पितळ तेवढीच ताणलेली असते. वाढतो तो फक्त ताठपणा: २२ वरून २० वर गेले की उपस्वरांचा बिघाडही त्याच दीडपटीहून जास्त होतो. म्हणजे मोठा आवाज मिळवायला गेलेला माणूस वाद्याची पाठ मोडतो आणि हाती येतो तो धबधबीत, गांधार हरवलेला ‘धम्म’. ध्वनिक्षेपकावर तो दमदार वाटतो, हे खरे. ध्वनिक्षेपकावर पत्र्याचा डबाही दमदार वाटतो.

तिसरा मुद्दा सर्वांत लाडका: ‘जवारी नीट काढली की सगळे जुळून येते.’ इथे जवारी काढणाऱ्याला देवत्व दिले जाते आणि त्याच्यावर न सुटणारे गणित टाकले जाते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण त्याला अत्यंत सूक्ष्म उतार असतो. तार त्या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि खालचा दोरा पुढेमागे सरकवून ती नेमकी कुठे घासणार हे ठरवले जाते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेवर छोटा निबंध लिहिला, त्याचा मुद्दाच हा होता. साध्या वाद्यात तार ज्या बिंदूवर छेडली जाते तिथे निश्चल राहणारे उपस्वर उमटायला नकोत. तंबोऱ्यात ते उमटतात, कारण घोडीचा माथा त्यांना जन्म देतो. याचा अर्थ घोडी आणि तार या दोन सुट्या वस्तू नाहीत. उतार घासला जातो तो एका ठराविक वजनाच्या, ठराविक ताणाच्या, ठराविक झोक्याच्या तारेसाठी. सैल पोलादी तार मोठा झोका घेते आणि माथ्यावर आपटते. अति जाड तार कमी हालते आणि माथ्याला पुरेशी टेकतच नाही, जवारी ‘बंद’ राहते.

मग काय होते? तार बदलण्याऐवजी घोडी घासली जाते. दुखणे रेड्याला आणि डाग पखालीला. तार उतरवून ठेवता येते, दुसरी आणता येते; घासलेले हाड परत येत नाही. चुकीच्या तारेसाठी घासलेल्या माथ्यावर पुढे योग्य पितळी खर्ज चढवला तर तोच ‘वाजत नाही’ असे ठरते, आणि त्याचा दाखला देऊन पुन्हा स्टीलचा जयजयकार होतो. जुन्या जवारीची ठेवण एका दुपारच्या कानशीने संपते, आणि तिच्यासोबत मूळ कारागिराच्या कानाचा पुरावाही.

चौथा मुद्दा वरवर बिनतोड दिसतो. तंबोरा जुना, तारा कितीदा बदललेल्या. मूळ तार उरलीच नाही, मग जुळवायचे कशाशी? इथे ‘मूळ’ म्हणजे तारेचा तोच तुकडा असे गृहीत धरले आहे, आणि तिथेच फसगत आहे. जुळवायचे असते ते माप: कोणता धातू, किती जाड, किती लांब, कोणत्या स्वरात. आणि हे माप तार गेली तरी वाद्यावर लिहिलेले असते. अटीवरची खर्जाची खाच इतर तिघींपेक्षा रुंद असते. तिच्यात कोणती तार चपखल बसते आणि कोणती वर तरंगते किंवा तळाशी खडखडते हे पाहायला डोळे पुरतात. खाचेच्या तळाशी, खुंटीच्या भोकात, मण्याच्या छिद्रात हिरवट पुटे असतील तर तिथे वर्षानुवर्षे पितळ होती. घोडीच्या माथ्यावर तारेने काढलेला चर खर्जाच्या ठिकाणी किती रुंद आहे तेही भिंगाने दिसते.

आणि जुनी तार असलीच तर ती फेकून द्यायच्या आधी मोजायला हवी, तीही शहाणपणाने. मधला भाग ताणून बारीक झालेला असतो, घोडीवरचा चपटा झालेला असतो. सर्वांत विश्वासार्ह तुकडा खुंटीच्या वेढ्यांखालचा, जो कधी छेडला गेलेला नसतो. मायक्रोमीटरने तिथे एकमेकांना काटकोनात दोन मापे घ्यावीत. धातूची शंका असेल तर चुंबक पुरेसा आहे, कारण पिवळी दिसणारी प्रत्येक तार पितळेची नसते. पोलादाला पिवळा मुलामा चढवला की डोळे फसतात, चुंबक फसत नाही. आणि शेवटी वजन. २२ नंबरच्या पितळी तारेचा एक मीटर सुमारे ३.४ ग्रॅम भरतो, तेवढ्याच पोलादी तारेचा सुमारे ३.१. अक्कलकोटच्या बाजारात सोन्याचा काटा नाही असे कोण म्हणेल? दहा सेंटिमीटरचा तुकडा उरला असेल तरी सोनाराच्या काट्यावर उत्तर मिळते. रिकामटेकड्यांचा उद्योग तो हा, चहा निवायच्या आत संपणारा.

यात नंबरांचा घोळ जमेस धरला पाहिजे. सतार-तंबोऱ्याच्या तारांना आपल्याकडे ब्रिटिश गेजचे नंबर लागतात. नंबर वाढला की तार बारीक. पियानोच्या तारेच्या नंबरांची चाल उलटी आहे: नंबर वाढला की तार जाड. तिथला १३ नंबर म्हणजे ०.७७५ मि.मी., आपल्या २२ पेक्षाही जाड. अमेरिकी गेज आणखी तिसरेच. पाकिटावर नुसता नंबर पाहून तार आणणारा कोणत्या देशाच्या नंबरावर विसंबून आहे हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून मिलिमीटर लिहावेत.

पियानोचा उल्लेख इथे ओढूनताणून आलेला नाही. मुंबईत फुर्टाडोससारखी १८६५ पासूनची दुकाने पियानो विकत आली आहेत, म्हणजे हे वाद्य महाराष्ट्राला परके नाही. आणि खालच्या स्वराची तार नीट न जुळवल्याचे पाप पियानोत जितके उघडे पडते तितके कुठेच पडत नाही. पियानोचा सर्वांत खालचा स्वर २७.५ हर्ट्‌झचा. साध्या १ मिलिमीटर पोलादी तारेतून, सत्तर किलो ताणून, तो काढायचा ठरवला तर तार सहा मीटरांहून लांब लागेल. एवढा पियानो कोणत्या दिवाणखान्यात मावणार? जाड पोलाद वापरावे तर ताठपणा येऊन स्वर लोखंडी कांबीसारखा खणखणतो. म्हणून पोलादाच्या बारीक गाभ्यावर तांब्याची तार गुंडाळतात: वजन तांब्याचे, ओढ पोलादाची, आणि लवचीकपणा शाबूत. स्टाइनवे कंपनीने १८५९ मध्ये ग्रँड पियानोत खर्जाच्या तारा बाकीच्या तारांवरून तिरप्या नेण्याचे पेटंट घेतले, तेही या तारांना थोडी लांबी आणि तक्त्याचा मध्य मिळावा म्हणून. सगळ्या तारांची मिळून ओढ आजच्या ग्रँडवर वीसेक टनांच्या घरात जाते, आणि ती पेलायला बिडाची अखंड चौकट लागते. तंबोऱ्याला चोवीस किलो पेलायला भोपळा आणि लाकूड. कुणाला जास्त जपायला हवे?

जुना ग्रँड उघडला की चांगला कारागीर खर्जाच्या तारा एकेक करून काढतो, क्रमाने एका तारेत ओवून ठेवतो आणि गुंडाळणाऱ्याकडे नमुना म्हणून पाठवतो. प्रत्येक तारेचा गाभा किती, तांब्यासकट बाहेरची जाडी किती, तांबे कुठे सुरू होते आणि कुठे संपते, दोन्ही टोकांना किती उघडा गाभा राहतो, ही सगळी मापे लागतात. तारा हरवल्या असतील तर घोडीच्या आणि अडकवण्याच्या खिळ्यांवर कागद पसरून पेन्सिलीने ठसा घेतला जातो. इथेही ‘तयार संच घाला, चालतो’ म्हणणारे आहेतच. त्यांचा पियानो लगेच ओळखू येतो. गुंडाळलेल्या तारा संपून साध्या तारा सुरू होतात तिथे आवाजाला पायरी लागते. एक पट्टी घोगरी, पुढची कर्कश.

यावर आपल्याकडचा युक्तिवाद तयार असतो: पियानोवालेही कधीकधी मूळ मापे बदलतात की! बदलतात. काही जुन्या पियानोंची मूळ आखणीच सदोष होती, तिथे जाणते कारागीर प्रत्येक तारेचा ताण, ताठपणा आणि तुटण्यापर्यंतचे अंतर कागदावर मांडतात, शेजारच्या तारांशी ताडून पाहतात आणि मग नवी मापे ठरवतात. हा मूळ तारेचा अनादर नाही. मूळ काय होते हे मोजल्याशिवाय ते सदोष होते हे कळणार कसे? ज्याने मोजलेच नाही त्याने पियानोवाल्याच्या आकडेमोडीच्या आड लपू नये.

उलट टोकालाही एक पंथ आहे. त्याला जुनी तारच हवी असते, गंजलेली, काळी, गाठ मारून जोडलेली. का, तर ‘बुवांनी हीच छेडली होती’. या भक्तीला नमस्कार करावा आणि ती तार पाकिटात घालून फडताळात ठेवावी. धातू थकलेला, जागोजागी झिजून जाडी विषम झालेली. अशा तारेत उपस्वर एकमेकांशी कधीच जुळत नाहीत. जुळवायचे माप असते, गंज नव्हे. दोन्ही पंथांची चूक एकच: एक म्हणतो तुकड्यातच सारे, दुसरा म्हणतो तुकड्यात काही नाही, आणि माप कुणीच घेत नाही.

अक्कलकोटच्या राजवाड्यातले शस्त्रागार पाहणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावावी लागू नये. तिथल्या जुन्या मुठीत कुणी कारखान्यातले पाते ठोकून ‘तलवार ती तलवार’ म्हणाले तर गाव ऐकून घेईल का? आणि तलवारीचा संबंध दूरचा नाही. मिरजेत सतार-तंबोरे घडवायला सुरुवात केली ती फरीदसाहेब आणि त्यांच्या भावाने, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. हे घराणे मूळचे शिकलगारांचे, हत्यारांना धार आणि पाणी देणारे. बर्मिंगहॅमच्या हॉर्सफॉलने पोलादी तारेचे पेटंट घेतले ते १८५४ मध्ये, म्हणजे आधुनिक पोलादी तार आणि मिरजेचा तंबोरा जवळजवळ एका वयाचे. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या पोलाद खेळले त्यांच्या घडणीच्या तंबोऱ्यात खर्जाला पितळ राहिली. पोलाद त्यांना मिळत नव्हते म्हणून? की त्यांना ते पुरते ठाऊक होते म्हणून?

एक प्रसंग मात्र असा आहे जिथे मूळ मापाला धरून बसणे चूक ठरेल: पट्टी बदलते तेव्हा. काळी एकचा पुरुषी तंबोरा काळी पाचला गाणाऱ्या शिष्येच्या हाती गेला तर स्वर जवळजवळ पावणेदोनपट होतो आणि त्याच तारांवर ताण पावणेतीनपटीहून वर जातो. १ मीटर लांबीवर जोडाची पोलादी तार तुटण्याच्या वाटेवर जाते, मग ती कितीही बारीक घ्या; कारण वर सांगितले तेच, भार जाडीवर नसतो. अशा वेळी तारांचा संच नव्याने बसवण्यापेक्षा कमी लांबीचा जनानी तंबोरा घेणे हाच उपाय, आणि पुरुषी तंबोरा त्याच्या पट्टीतल्या गळ्याला देणे. अर्धा-एक स्वर इकडेतिकडे असेल तर मापात किंचित फेरफार खुशाल करावा, पण हिशोब मांडून, चारही तारांचा एकत्र.

शेवटचा मुद्दा, ‘कुणाला कळते?’ हा मुद्दा नव्हेच. ती लाज झाकण्याची लंगोटी आहे. तंबोरा श्रोत्यांसाठी वाजत नाही, तो गाणाऱ्याच्या कानामागे वाजतो. ज्या गळ्याने दहा वर्षे चुकीच्या खर्जावर षड्ज लावला त्याला आपला गांधार कशामुळे डळमळतो हे कळत नाही, हे अगदी खरे. म्हणून तर त्याला योग्य तार द्यायची. आणि ज्यांना खर्ज कसाही चालतो त्यांच्यासाठी यंत्रातला तंबोरा आहे: खुंटी नाही, चीर नाही, पितळ पुसणे नाही. तो वापरावा, त्यात काही कमीपणा नाही. मात्र ऐशी वर्षांचे लाकूड आणि भोपळा दुरुस्त करून त्याच्यावर यंत्राहून वाईट खर्ज चढवणे, हा उपद्व्याप कशासाठी?

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. नावाचे रक्षण झाले, चांगलेच झाले. पण मानांकन भोपळा, लाकूड आणि घडणीला. दुरुस्तीच्या दुकानात चढणाऱ्या तारेला ते विचारायला येत नाही. ते काम वाद्याच्या मालकाचे आहे. तंबोरा दुरुस्तीहून परत घेताना पावतीवर पॉलिशचा आणि वेलबुट्टीचा खर्च जसा लिहिलेला असतो तशा चार ओळी मागून घ्याव्यात: प्रत्येक तारेचा धातू, मिलिमीटरमध्ये जाडी, घोडी ते अटी लांबी आणि पट्टी. ज्या दुकानाला या चार ओळी लिहिता येत नाहीत, त्याने भोपळा सांधला असेल, पॉलिश चमकवले असेल. तंबोरा मात्र त्याने दुरुस्त केलेला नाही, आणि त्या कामाचे पैसे मागण्याचा हक्कही त्याला नाही.